महिन्याच्या ट्रॉलीचा खोटा हिशेब

किराण्याचा खर्च कसा आवरावा, यावर हल्ली एकच सल्ला सगळीकडून ऐकू येतो. यादी करा, महिन्यातून एकदाच मोठ्या मार्टमध्ये जा, मोठी पाकिटं उचला, ऑफर सोडू नका आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची पायरी चढू नका, कारण तो लुबाडतो. भिलाईच्या मराठी घरांतही हा सल्ला आता मुरला आहे. पगार झाला की पहिल्या रविवारी सगळं घर गाडीवर बसून निघतं, दोन-तीन तासांनी पिशव्या लादून परततं, आणि बिलाच्या तळाशी छापलेला 'आज आपण इतके रुपये वाचवले' हा आकडा शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितला जातो. या सल्ल्याच्या जवळजवळ प्रत्येक कलमाशी माझा वाद आहे. तो इथे मांडते, कारण या सल्ल्यापायी अनेक घरांचा खर्च वाढला आहे आणि दोष मात्र घरातल्या बाईच्या माथी येतो.

आधी तो बिलातला आकडाच घेऊ. तो छापील कमाल किंमत आणि मार्टने लावलेली किंमत यांतला फरक असतो. छापील किंमत ही जास्तीत जास्त किती घेता येईल याची मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. सुपेला किंवा पावर हाऊस या इथल्या बाजारांतला साधा दुकानदारही कित्येक वस्तू छापील किमतीच्या खालीच देतो. जी किंमत कुणी दिलीच नसती तिच्याशी तुलना करून 'वाचले' म्हणणं हा हिशेब नाही. वाचले की नाही हे ठरवायचं तर गेल्या वर्षीच्या याच महिन्याचा एकूण खर्च आणि या महिन्याचा एकूण खर्च शेजारी मांडावा लागतो. आपल्याकडे जुन्या बायका रोजखर्चाच्या वहीत हेच करत. ती वही ज्या घरांत अजून आहे, तिथे मार्टची जादू चालत नाही.

दुसरं कलम: मोठं पाकीट स्वस्त पडतं. पडतं कधी कधी, पण डोळे मिटून मानण्याइतकं नाही. 18 जुलै 2022 पासून आधीच बांधून, लेबल लावून विकल्या जाणाऱ्या तांदूळ, गहू, डाळी, पीठ यांवर 5 टक्के जीएसटी लागू झाला, आणि तोही 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर. पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या धान्यावर तो नाही, 25 किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. म्हणून तर त्यानंतर बाजारात 26 किलोची तांदळाची पोती दिसू लागली. म्हणजे पाच किंवा दहा किलोचं चकचकीत पाकीट घेणारं कुटुंब कर भरतं, पोत्यातून दोन किलो मोजून घेणारं भरत नाही. पाकिटाचा कागद, छपाई, जाहिरात यांचा खर्चही त्या पाकिटातच असतो. तरीही सल्ला देणारे सुट्या धान्याला नाक मुरडतात, जणू सुटं म्हणजे गरिबांचं आणि घाण.

तेलाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. पूर्वी पाकिटबंद मालाचे आकार कायद्याने ठरलेले होते. ते बंधन गेलं आणि खाद्यतेलाच्या पाकिटांचं वजन वाटेल तसं बदलू लागलं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आता त्याच उंचीच्या, त्याच रंगाच्या पाकिटात कुठे 870, कुठे 850, कुठे 800 ग्रॅम असतं. समजा, 910 ग्रॅमचं पाकीट 140 रुपयांना आहे आणि शेजारी 800 ग्रॅमचं 130 रुपयांना. हात आपोआप दुसऱ्याकडे जातो, दहा रुपये वाचल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पहिलं 100 ग्रॅमला 15 रुपये 38 पैसे पडतं आणि दुसरं 16 रुपये 25 पैसे. आता पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा दर छापण्याचा नियम आहे. तो बारीक अक्षरांत, बहुधा मागच्या बाजूला असतो. बचतीचा एकच सल्ला द्यायचा असेल तर तो हा असावा: पुढचा मोठा आकडा सोडा, मागचा बारीक दर वाचा. ऑफरवाले हा सल्ला कधी देत नाहीत.

आता मार्टमध्ये पैसा जातो कुठे ते पाहू. साखर, तूर डाळ, तेल या वस्तूंचे भाव प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असतात, म्हणून मार्ट त्यांत फार कमावत नाही. त्या स्वस्त ठेवून गिऱ्हाईक आत आणायचं आणि कमाई इतर मालात करायची, हे किरकोळ व्यापाराचं जुनं गणित आहे. तूर डाळीपर्यंत पोचायचं तर बिस्किटं, नमकीन, नूडल्स, शीतपेयं, चॉकलेटं यांच्या रांगांमधून जावं लागतं, मुलं सोबत असतात, आणि हातात टोपली नसते, चाकांची ट्रॉली असते. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरी घराच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा सुमारे 3.8 टक्के आहे, तर पेयं आणि तयार खाद्यपदार्थ यांचा सुमारे 11 टक्के. बाहेरचं जेवण या दुसऱ्या आकड्यात धरलेलं आहे, तरीही फरक बोलका आहे. आपण तांदळाच्या किलोमागे दोन रुपयांसाठी सात किलोमीटर गाडी हाकतो आणि खर्चाची खरी गळती जिथे आहे त्याच दारातून आत शिरतो.

मार्टमध्ये काहीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. साबण, कपडे धुण्याची पावडर, चहापत्ती, फिनाईल या वस्तू खराब होत नाहीत, दर्जा पाकिटागणिक बदलत नाही आणि तिथे खरोखर स्वस्त मिळतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा तेवढ्याच घेऊन यावं, आणि शक्यतो एकट्याने जावं.

पण धान्य-भाजीचं शास्त्र वेगळं आहे, आणि ते महिन्याच्या पगाराला जोडलेलं नाही, हंगामाला जोडलेलं आहे. आपल्या आजीच्या पिढीने हे पक्कं ओळखलं होतं. विदर्भातून भिलाईला आलेल्या मराठी कुटुंबांनी 1955 नंतर, पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाल्यावर, सेक्टरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये संसार थाटले तेव्हा सोबत धान्याच्या कोठ्याही आणल्या. भात कापणीनंतर तांदूळ, फाल्गुन-चैत्रात गहू, त्याच सुमाराला तूर आणि लाल मिरची, उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे. मे महिन्यात भिलाईत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात वाळवलेलं, एरंडेलाचा हात फिरवून किंवा कडुनिंबाचा पाला घालून भरलेलं धान्य पावसाळा काढतं. मार्टच्या सल्ल्याने जुलैत घेतलेलं दहा किलोचं पाकीट मात्र सप्टेंबरच्या दमट हवेत सोंड्यांनी भरतं, आणि मग ते निवडायला एक दुपार जाते किंवा सरळ कचऱ्यात टाकावं लागतं. ठोक घेणं फायद्याचं आहे, पण वर्षातून ठरावीक वेळी, ठरावीक मालाचं. दर महिन्याला ठोक घेणं हा त्या जुन्या शहाणपणाचा अर्धवट अर्थ आहे.

तांदळाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपण राहतो ते धानाच्या मुलखात. इथे भात नाही असं जेवण नाही. आपल्या घरांत सर्वाधिक शिजणारा एचएमटी तांदूळ कुठून आला हे किती जणांना माहीत आहे? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1983 च्या सुमारास आपल्या शेतात वेगळी दिसलेली काही रोपं जपली, वर्षानुवर्षं निवडून वाढवली आणि हे वाण दिलं. नाव व्यापाऱ्यांनी घड्याळाच्या कंपनीवरून ठेवलं. 2018 मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच. हा तांदूळ छत्तीसगडच्या कोणत्याही धान्य बाजारात सुटा मिळतो. दुकानदार मूठभर हातावर देतो, दाणा पाहता येतो, तुकड्यांचं प्रमाण कळतं, नवा की जुना हे विचारता येतं. जुना तांदूळ भाताला फुगतो, म्हणजे त्याच घराला महिन्याला किलो-दोन किलो कमी लागतो. रंगीत पाकिटावर 'प्रीमियम' असं मोठ्याने लिहिलेलं असतं, आतलं वाण कोणतं हे बरेचदा लिहिलेलं नसतं. जे पाहता येत नाही, चोखंदळपणे निवडता येत नाही, त्याला जास्त पैसे देऊन आपण स्वतःला हुशार ग्राहक म्हणवतो, हे मला पटत नाही.

स्वस्ताईच्या नादात कुठे थांबायचं हेही सांगितलं पाहिजे. दुर्ग जिल्ह्यात धान उभं असतानाच त्याच ओलीवर तिवरा पेरतात. आपण विदर्भात त्याला लाखोळी म्हणतो. ही डाळ दीर्घकाळ आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, आणि ती चण्यापेक्षा स्वस्त असल्याने बेसनात मिसळली जाण्याची भीती असते. म्हणून सगळ्यांत स्वस्त बेसन कधीही घेऊ नये. चण्याची डाळ डोळ्यांनी पाहून घ्यावी आणि मोहल्ल्यातल्या चक्कीवर दळून आणावी. त्यात भेसळीची भीती जाते आणि पाकिटाचे पैसेही वाचतात.

भाजीबद्दल तर महिन्याच्या ट्रॉलीचा विचारच निरर्थक आहे. धमधा भागातला टमाटर हिवाळ्यात इतका येतो की शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटत नाही. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये हाच टमाटर देशभर शंभर रुपयांच्या वर गेला होता. हिवाळ्यात सुपेल्याच्या आकाशगंगा मंडीतून एक कॅरेट उचलून चार घरांनी वाटून घेतला, काही वाळवला, काही शिजवून भरून ठेवला, तर पावसाळ्यात रडायची वेळ येत नाही. लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या शेंगा, मुनग्याचा पाला, रखियाची वडी, सुकवलेली वांगी-गवार हे सगळं इथल्या हाटात मिळतं आणि इथल्या हवेत टिकतं. छत्तीसगडी शेजारणी हे रोज रांधतात. आपण मात्र ऐन उन्हाळ्यात फुलकोबी शोधत फिरतो आणि भाजी महाग झाली म्हणतो.

आता कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे वळते, कारण सल्ला देणाऱ्यांचा सर्वांत जास्त राग त्याच्यावर आहे. तो कधी काट्यात मारतो, कधी शिळा माल देतो, हे खरं आहे. त्यावर उपाय आहे: काट्यावर नापतौल विभागाचा शिक्का आहे का ते पाहावं, बिल मागावं, दोन दुकानांचे भाव विचारावेत. पण तो जे देतो ते मार्ट देत नाही. तो पाव किलो रवा देतो, म्हणून रव्यात अळ्या होत नाहीत. तो दहा ग्रॅम खसखस देतो. पाहुणे आले की मुलाला पाठवून अर्धा लिटर दूध आणता येतं, गाडी काढावी लागत नाही. आणि तो उधार देतो. ज्यांच्या खात्यात महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो त्यांना उधारीचं मोल कळत नाही. कॅम्प, खुर्सीपार या वस्त्यांमधल्या ठेका मजुराच्या घरी ते रोज कळतं.

इथेच या सल्ल्याचा सर्वांत मोठा दोष आहे. तो गृहीत धरतो की प्रत्येकाच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला सात-आठ हजार रुपये मोकळे आहेत, घरी गाडी आहे आणि माल ठेवायला जागा आहे. ज्याच्याकडे हे तिन्ही नाही, तो तेलाचा छोटा पाऊच घेतो, शॅम्पूची पुडी घेतो, पाव किलो डाळ घेतो, आणि किलोमागे सगळ्यांत जास्त भाव तोच देतो. त्याला 'नियोजन करा' सांगणं हा त्याच्या परिस्थितीचा अपमान आहे. 2023-24 च्या त्याच सरकारी पाहणीत सर्व राज्यांत माणशी मासिक खर्च सर्वांत कमी छत्तीसगडचा होता: खेड्यात 2,739 रुपये, शहरात 4,927 रुपये. देशाची शहरी सरासरी 6,996 होती. हा फरक इथल्या लोकांच्या काटकसरीमुळे पडलेला नाही, तो कमी मजुरीमुळे पडलेला आहे. याच शहरात कामगार नेते शंकर गुहा नियोगी ठेका मजुरांच्या मजुरीसाठी लढले आणि 28 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी 1 जुलैला पावर हाऊस स्टेशनवर रेल रोखून बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला, त्यात 16 जण मेले. त्या मजुरांच्या ताटाचा प्रश्न यादी करून सुटणारा नव्हता.

गरिबाच्या ताटासाठी या राज्याने केलेलं मोठं काम म्हणजे रेशन. 2004 मध्ये खासगी दुकानदारांकडून रेशन दुकानं काढून पंचायती, महिला बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली, 2012 मध्ये राज्याने स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला, आणि 2019 मध्ये दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही किलोला 10 रुपये दराने तांदूळ देण्याची योजना आली. तरी आपल्या मध्यमवर्गीय घरांत कार्ड असून तांदूळ उचलत नाहीत, किंवा उचलून परस्पर विकतात. हा तांदूळ जाड असतो, पण इडली, डोसा, घावन, तांदळाची भाकर यांना तो उत्तम लागतो. घ्यायचा तर खायला घ्यावा. नको असेल तर उचलू नये. उचलून विकणं ही बचत नव्हे, ती दुसऱ्याच्या ताटातली चोरी आहे.

मग एकेकट्या घराने करायचं काय, असा प्रश्न कुणी विचारेल. माझं म्हणणं हेच आहे की एकेकट्याने फार काही होत नाही. सल्ल्यांचा सगळा भर एकट्या गृहिणीवर आहे: तिने यादी करावी, तिने भाव पाहावेत, तिने मन मारावं. मराठी माणसाकडे याहून चांगला मार्ग पन्नास वर्षांपासून आहे. 1974 मध्ये पुण्यात बिंदूमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीने महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करून सभासदांपर्यंत पोचवण्याची पद्धत उभी केली. एका वस्तीतली काही घरं मिळून एक संघ होतो, प्रत्येक घर आपली मागणी भरून देतं, संस्था ठोक भावाने निवडलेला माल आणते, तो संघातल्या एका घरी उतरतो आणि सभासद स्वतः वाटून घेतात. मधली साखळी गळते, माल निवडीचा अधिकार ग्राहकाकडे येतो. त्याही आधी, 1948 मध्ये, मुंबईत नायगावच्या कामगारांनी 'अपना बाजार' सुरू केला होता. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी 1844 मध्ये पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या अशा मोजक्या वस्तूंपासून सहकारी दुकान काढलं, तेही भेसळ आणि महागाईला कंटाळून. कामगारांच्या वस्तीतून निघालेली ही कल्पना कामगारांच्याच शहरात, भिलाईत, घराघरांत रुजलेली नसावी, याचं मला वाईट वाटतं.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. कारखान्यात तीन पाळ्या, मुलांच्या शिकवण्या, कुणाला वेळ आहे? पण आज दहा घरं दहा वेळा जातात. एकत्र घेतलं तर दर महिन्याला दोन घरांनी पाळीने एक सकाळ द्यायची, बाकी आठ घरं मोकळी. दुसरा आक्षेप पैशाच्या व्यवहाराचा. वही उघडी ठेवावी, बिल सगळ्यांना दाखवावं, मालाच्या आधी पैसे जमा करावेत, आणि ज्याला आधी देणं जमत नाही त्याला गटाने एक महिना सांभाळून घ्यावं. तिसरा आक्षेप आवडीनिवडीचा, एकाला कोलम लागतो तर दुसऱ्याला एचएमटी. सगळं एकत्र घ्यायची गरजच नाही. तांदूळ, गहू, तूर डाळ, शेंगदाणे, तेलाचा डबा, लाल मिरची आणि हळद एवढ्यापासून सुरुवात केली तरी खर्चाचा मोठा भाग आवाक्यात येतो.

भिलाईत मराठी मंडळं आहेत, भजनी मंडळं आहेत, भिशी चालवणारे गट आहेत. भिशीत आपण एकमेकींवर हजारो रुपयांचा विश्वास टाकतो, मग तांदळाच्या पोत्यासाठी का नको? येत्या हंगामात, नवं धान बाजारात उतरेल तेव्हा, आपल्या गल्लीतल्या पाच घरांनी बसावं, वर्षाला किती तांदूळ आणि किती गहू लागतो तो आकडा काढावा, आणि दोघींनी दुर्गच्या धान्य बाजारात जाऊन ठोक भाव विचारून यावं. त्या पाचांत घरकाम करणाऱ्या बाईचं घरही धरावं, कारण सुट्या बाजारात किलोमागे सर्वांत जास्त भाव आज तीच मोजते.